हलकं इंजिन

विहिरीवरची बारी केशरबाईची होती आणि ती दिवस मावळताच संपणार होती. वाटण्या झाल्या तेव्हापासूनचा हा नियम. चार दिवस थोरल्या सूर्यभानचे आणि त्याच्यात राहणाऱ्या धाकट्या बन्सीचे, दोन दिवस मधल्या पुंजारामच्या विधवेचे, म्हणजे केशरबाईचे. पाऊसपाणी बरं होतं तोवर कोणाची बारी कधी संपली हे बघायलासुद्धा कोणी येत नसे. बहात्तरच्या दुष्काळानं मात्र या घराला सूर्याकडे बोट दाखवून भांडायला शिकवलं. आता फाल्गुन लागला होता, अकरा परस, म्हणजे साठ-पासष्ट फूट खोल विहिरीच्या तळाशी चार फूट पाणी उरलं होतं, आणि उद्या सकाळी सूर्यभानच्या बारीत विहीर खोल करायला सुरुंगवाले यायचे होते.

सुरुंग लागला की महिनाभर विहिरीत नुसता दगडगोटा. आणि पुंजारामनं लावलेल्या एकशे ऐंशी मोसंब्यांना महिना काय, चार दिवससुद्धा निघणार नव्हते; आज मुळाशी एक पाणी पोचलं तरच झाडं तगणार होती. पानं दुमडून आत वळली होती. केशरबाई रोज पहाटे एकेका झाडाचं पान चुरगाळून बघायची. काल पहिल्यांदा पान हातात मोडलं, आणि झाडं तोडून मोकळं व्हा असा सूर्यभानचा निरोप आला.

तळाचं पाणी वर आणायचं तरी कसं? मोटेला बैल हवेत, आणि बैल छावणीत. विहिरीच्या कडेतल्या वरच्या टप्प्यावर ठेवलं तरी इंजिन पाणी ओढतं ते वीस-बावीस फुटांवरून, त्याखालचं पाणी त्याला दिसतं पण ओढता येत नाही. म्हणजे इंजिनच खाली न्यायला हवं. हा उद्योग या घरानं सात वर्षांपूर्वी एकदा केला होता. आठ मणांचं डिझेल इंजिन, सहा माणसं दोरावर, आणि खाली टप्प्यावर उभा राहून इंजिनाला दिशा देणारा पुंजाराम. दोर सुटला. त्यानंतर विहिरीत इंजिन उतरवण्याचं नाव या घरात कोणी काढलं नव्हतं.

आज ते पुंजारामच्याच मुलानं काढलं होतं.

गोरक्षनाथ, घरातला गोरख, आदल्या दिवशी श्रीरामपूरच्या एसटीनं उतरला तो मांडीवर गोधडीत गुंडाळलेलं गाठोडं घेऊन. कंडक्टरनं त्याला मूल समजून अर्धं तिकीट मागितलं, असं त्यानं हसत सांगितलं. गाठोड्यात इंजिन होतं. सकाळी अंगणात त्यानं ते उघडलं तेव्हा बेलापूरहून मुद्दाम बोलावलेली आत्या राहीबाई म्हणाली की हे तर आमच्या घरच्या डाळीच्या डब्याएवढं आहे.

बन्सीनं इंजिनाभोवती दोन फेऱ्या मारल्या. घरातली इंजिनं आजवर त्यानंच सांभाळलेली, त्यामुळे त्याला या बाबतीत मान होता आणि तो मान तो सोडायला तयार नव्हता. पिस्टन कुठं आहे, त्यानं विचारलं. गोरख म्हणाला, पिस्टन नाहीच. मग त्यानं झाकण काढून दाखवलं. आतली पोकळी भुईमुगाच्या दोन दाण्यांच्या शेंगेसारखी, मध्ये किंचित दबलेली. त्यात फुगीर बाजूंचा एक तिकोनी लोखंडी गोळा, घडीच्या पोळीसारखा. तो पुढंमागं धावत नाही, शेंगेत गोल फिरतो. फिरता फिरता एका बाजूला पेट्रोल आत घेतो, दुसऱ्या बाजूला दाबतो, तिसऱ्या बाजूला जळका धूर बाहेर टाकतो. पुढंमागं हेलपाटे नाहीत म्हणून धक्के कमी, धक्के कमी म्हणून जड बैठक नको. बावीस किलोत तीन घोड्यांचा जोर.

पिंपरीच्या कारखान्यात त्यानं असलं एक जर्मन इंजिन तीन दिवस टेबलावर उघडं पाहिलं होतं. साहेबांनी ते परत डब्यात घातलं, पण गोरखच्या डोक्यातून ते गेलं नाही. नोकरी सोडून सात महिने तो श्रीरामपूरला मित्राच्या लेथवर बसला. ओतीव काम नगरला करून आणलं. पहिलं इंजिन अकरा मिनिटं चाललं आणि आवळलं, आतून जाम झालं. दुसऱ्याचा दाब गळायचा. भानगड सगळी तिकोनाच्या तीन टोकांना बसवलेल्या तीन पट्ट्यांची. बोटभर लांब, भाकरीच्या काठाएवढ्या जाड, त्या भिंतीला घासत फिरतात आणि दाब अडवून धरतात. मऊ झाल्या तर झिजतात, फार टणक झाल्या तर भिंत खरवडतात. हे तिसरं इंजिन श्रीरामपुरात सलग पाच तास चाललं होतं.

"परदेशात यानं गवत कापत्यात, बर्फावरच्या गाड्या पळवत्यात," गोरख म्हणाला.

"गवत कापायला इंजिन?" बन्सी म्हणाला. "तिकडं गवत लई झालंय म्हनायचं."

सगळे हसले. सूर्यभान हसला नाही. तो ओट्यावर बसून होता आणि त्याची नजर इंजिनावर नव्हती, अंगणापलीकडच्या खोपीच्या कुलपावर होती. खोपीत जुनं इंजिन होतं, पडलं तसं, फुटक्या अंगाचं. खंडेनवमीला घरच्या साऱ्या अवजारांची पूजा झाली की तो एकटा आत जाई, झेंडूचं एक फूल ठेवून येई आणि पुन्हा कुलूप लावी. किल्ली त्याच्या कमरेच्या करगोट्याला.

"राही, गोरखच्या आईला सांग," तो म्हणाला, "माझ्या हातचा नारळ या इंजिनावर फुटायचा न्हाई."

सामाईक विहिरीत नवी वस्तू उतरवायची तर दोन्ही वाटेकऱ्यांनी मिळून नारळ फोडायचा, हा आजोबांच्या वेळचा रिवाज. त्याच्या हाताशिवाय दोर हलणार नव्हता, हे तो जाणून होता आणि केशरबाईही. ती पाच हातांवर दाराआड डोईवर पदर घेऊन उभी होती. थोरल्या दिराशी समोरासमोर बोलायचं नाही ही रीत तिनं लग्न झाल्यापासून पाळली होती. पुंजाराम होता तोवर बोलणं त्याच्यामार्फत होई. तो गेल्यापासून निरोप राहीबाईकडून, नाहीतर भिंतीकडे तोंड करून. भिंतीनं या घरात जितकं ऐकलं तितकं माणसांनी ऐकलं नसेल.

"वन्सं, त्यांना इचारा, का न्हाई?"

राहीबाईनं विचारलं. वास्तविक सगळ्यांनी ऐकलं होतंच.

"लोखंड त्ये लोखंड," सूर्यभान म्हणाला. "बारकं असलं म्हनून वरनं पडल्यावर माया करत न्हाई."

 केशरबाईनं लुगड्याच्या जुन्या धडप्याची चुंबळ केली, डोईवर ठेवली, अंगणात आली आणि गोरखला डोळ्यांनी खुणावलं. गोरख आधी समजला नाही. मग समजला आणि दोन्ही हातांनी इंजिन उचलून त्यानं आईच्या डोईवर ठेवलं. अठ्ठेचाळीस वर्षांची ती बाई एक हात इंजिनाला, एक हात कमरेला, अशी सरळ चालत विहिरीपर्यंत गेली, काठाला एक वळसा घालून परत आली. पाण्याची घागर घेऊन यावी तशी. तिच्या मनात त्या वेळी एवढंच होतं की, याच्यापेक्षा जड हंडे मी या घरात आणले आणि एकही पाडला नाही.

राहीबाई भावाकडे वळली. सकाळपर्यंत ती त्याच्या बाजूची होती. झाडं काय, पुन्हा लावता येतील, असं तीच बेलापूरहून येताना वाटेत म्हणाली होती. आता म्हणाली, "दादा, ज्ये बाईच्या डोईवर मावतं त्याला तू भितोस व्हय?"

बन्सीही इंजिनाच्या बाजूला जाऊन उभा राहिला. एकटा पडलेला माणूस अट घालतो, तशी सूर्यभाननं घातली. इंजिन आधी इथं वर तासभर चालू द्या. मध्ये एकदाही बंद पडलं नाही तर नारळ फोडू. पडलं तर मोसंबीवर कुऱ्हाड, आणि पुन्हा विषय नाही. केशरबाईनं भिंतीकडे बघून मान हलवली.

*

दोरी ओढताच इंजिन दुसऱ्या झटक्याला सुरू झालं. जुन्या इंजिनाचा धप-धप असा ठोका ऐकलेल्या त्या कानांना हा एकसुरी गुणगुणाट नवाच होता. गोरख घड्याळ काढून बसला. अर्ध्या तासानं त्याला वाटलं, आता हे चालतं. तो दोर आणि मोटेचं चाक तपासायला विहिरीवर गेला आणि जाताना बन्सीला म्हणाला, "काका, जरा लक्ष असू द्या."

लक्ष असू द्या म्हणजे हात लावू नका, हे त्यानं सांगितलं नाही. पुढं आयुष्यभर त्याला या एका वाक्याची चुटपुट राहिली.

बन्सीनं खरोखर लक्ष दिलं. धुराची नळी लाल व्हायला लागली होती. तेलाचा वास येत होता. दहा वर्षं त्यानं जुनं इंजिन सांभाळलं होतं, आणि ते तापलं की काय करायचं हे त्याला झोपेत विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. गोणपाट ओलं करायचं आणि अंगावर टाकायचं. त्या दिवसांत तांब्याभर पाण्याची काय किंमत होती ते वेगळं सांगायला नको, पण बन्सीनं स्वतःच्या प्यायच्या वाट्याचं पाणी गोणपाटावर ओतलं. आजारी लेकराच्या अंगावर पांघरूण घालावं तसं त्यानं ते इंजिनावर घातलं, कडेनं नीट खोचलंसुद्धा.

हे इंजिन वाऱ्यावर थंड होणारं. त्याच्या अंगावरच्या पात्यांतून पंख्याचा वारा खेळायला हवा. तो वाराच बन्सीनं मायेनं कोंडला.

विहिरीवर गोरखला आवाज बदललेला ऐकू आला. तो पळत आला तेव्हा गुणगुणाटाचं कण्हणं झालं होतं. त्यानं गोणपाट खेचलं, पण तेवढ्यात आतून काहीतरी तुटल्याचा कट् असा आवाज आला आणि सगळं गप्प झालं. घड्याळात बेचाळीस मिनिटं झाली होती.

 बन्सी ओल्या गोणपाटाकडे बघत राहिला. मग तो मटकन खाली बसला आणि रडायला लागला. पंचेचाळीस वर्षांचा मिशाळ गडी. गोरखला त्याचा संताप आला, इतका की हात उचलावासा वाटला. सात महिने, तीन इंजिनं, आणि शेवटी एक गोणपाट. पण काकाचे ओठ पाण्यावाचून फुटलेले दिसले, आणि आजचं पाणी कुठं गेलं हेही समोर दिसत होतं. तो पाने घेऊन इंजिन उघडायला बसला.

सूर्यभान उठला. तो जिंकला होता आणि त्याच्या तोंडावर जिंकल्याचं काहीच नव्हतं. "झालं," तो म्हणाला. "उद्या कुऱ्हाडीचं बघू."

"तात्या, थांबा." गोरखनं तिकोनी गोळा बाहेर काढला होता. दोन पट्ट्या शाबूत, तिसरी मधोमध तुटलेली. भिंतीवर एक पुसटसा ओरखडा, तो घासून जाणार होता. "एक पट्टी पायजे. एकच."

जादा पट्ट्या आणल्या नव्हत्या का? आणल्या होत्या दोन, त्या श्रीरामपूरच्या चाचण्यांत गेल्या. साध्या लोखंडाची चालणार नाही. बीड हवं, ओतीव लोखंड, तेही जुनं, तेल पिऊन मुरलेलं, घासायला सरावलेलं. असं बीड आता इथं, दिवस मावळायच्या आत, कुठून आणायचं?

उत्तर बन्सीला माहीत होतं. ते तोंडातून काढायचं धाडस त्याच्यात नव्हतं, पण सकाळपासूनच्या धाडसाचा हिशेब त्याचा तसाही बिघडलेलाच होता. "जुन्या इंजिनाचा स्लीव्ह," तो मातीकडे बघत म्हणाला. "पिस्टन पळतो त्या नळीतनं उभी पट्टी कापली तर सरळ निघंल. असलं बीड आता मिळत न्हाई."

अंगणात बाकी सगळं जागच्या जागी राहिलं, फक्त प्रत्येकाची नजर सूर्यभानच्या कमरेकडे गेली. पुंजारामच्या अंगावर पडलेलं ते इंजिन. त्याला हात लावायचा तर परवानगी कोणाची?

केशरबाईनं ती दिली. "वन्सं, त्यांना म्हनावं, किल्ली द्या. माझा मानूस त्याच्यात न्हाई."

*

सूर्यभाननं किल्ली दिली नाही. स्वतःच जाऊन कुलूप काढलं. आतल्या अंधारात वाळक्या झेंडूचा वास होता. सात खंडेनवम्यांची सात फुलं तशीच पडलेली. त्यानं ती बाजूला केली, फुटलेल्या इंजिनातून लोखंडी नळी हिसके देत ओढून काढली आणि बाहेर आणून गोरखच्या पुढ्यात ठेवली. नळी घट्ट धरायला शिकंजा नव्हता, म्हणून तीही त्यानंच दोन्ही हातांनी दाबून धरली. गोरख करवत चालवू लागला. बीड कापताना करवत कुरकुरते आणि काळी भुकटी पडते. भुकटी सूर्यभानच्या हातांवर पडत होती.

दाराआड केशरबाई ताटात भाकरी ठेवत होती. तिथून तिला त्या दोघांच्या पाठी दिसत होत्या.

"गोरख," सूर्यभान म्हणाला. त्यानं नळीवरची पकड बदलली. "त्या दिवशी हात घामानं वले हुते, दोर सटकला, आसं मी समद्यांना सांगितलं. तुझ्या आईलाबी त्येच सांगितलं."

"व्हय तात्या."

"हात कोरडे हुते." तो नळीकडेच बघत होता. "चाकाजवळ पयला मी. मागच्यांचा जोर माझ्याच हातावर. निम्म्यात आलं तवा माझे हात भरून आले. 'जरा थांबा, खुंटाला येढा द्या' आसं म्हनलो आसतो तर झालं आसतं. पन मागं पाच मानसं हुती, त्यातली दोन माझ्यापरीस बारकी. थोरला मी. दमलो म्हनायची लाज वाटली रं. मनात म्हनलं, आजून पाच हात काढू. दोन हातबी न्हाई निघाले."

गोरखची करवत थांबली होती. त्याला वडिलांचा राग आठवला, वडिलांची चाल आठवली, आणि या माणसाचा राग करावा की काय करावं हे त्याला कळेना. शेवटी तो म्हणाला, "धरा नीट, हालतंय," आणि पुन्हा कापायला लागला.

आत केशरबाई हातातली भाकरी तशीच धरून उभी राहिली. सात वर्षं ती घामाला दोष देत आली होती. उन्हाला, दोराला, कधी देवाला. दोष द्यायला आता माणूस मिळाला होता आणि तो अंगणात तिच्या मुलासाठी नळी धरून बसला होता. तिला संताप आला. अंगाची आग झाली. पण त्या आगीच्या तळाशी एक जुनं कोडंही सुटलं. हा माणूस सात वर्षं आपला उंबरा का चढला नाही, पुंजारामच्या झाडांकडे बघायचं का टाळत होता, ती झाडं तोडायची एवढी घाई त्याला कशाची होती, ते तिला आज समजलं.

तिनं दोन भाकऱ्या बाहेर पाठवल्या. एक गोरखला आणि एक त्याच्या तात्याला. मग बऱ्याच वेळानं, दिवस कलताना, एक तांब्या पाणी बन्सीला.

*

पट्टी बसली तेव्हा ऊन बाभळींच्या शेंड्यांवर आलं होतं. गोरखनं ती कानशीनं तासून, काचेवर घासून, तेलात बुडवून बसवली होती. तासाच्या अटीची आठवण कोणी काढली नाही. राहीबाईनं सूर्यभानच्या हातात नारळ दिला. त्यानं तो गोरखच्या हाताला धरून दगडावर आपटला, आणि खोबरं वाटायचं सुद्धा कोणाच्या लक्षात राहिलं नाही.

केशरबाईची एकच अट होती आणि ती गोरखनं आधीच पाळली होती. खाली कोणी उतरायचं नाही. पेट्रोलचा धूर विहिरीत साठतो आणि खाली गेलेला माणूस झोपल्यासारखा मरतो, म्हणून इंजिन वरच सुरू करायचं आणि चालू अवस्थेत दोरानं सोडायचं. इंजिनाखाली सहा फुटांचा दांडा, दांड्याच्या टोकाला पंपाचं भांडं. ते पाण्यात बुडालं की पाणी रबरी नळीतून आपोआप वर चढणार. एवढा सगळा सरंजाम मिळून मणभर.

इंजिन सुरू झालं आणि काठाबाहेर फळीच्या टेकूवर आलं. दोर मोटेच्या चाकावरून मागं आला होता. तो धरायला बन्सी पुढं झाला, तसा सूर्यभान दोन पावलं मागं सरला, भिंतीला टेकला.

केशरबाई वस्तीवरून जमलेल्या गर्दीतून पुढं आली. राहीबाई निरोप ऐकायला तिच्याकडे वळली, पण केशरबाई तिच्या शेजारून तशीच पुढं गेली. बन्सीच्या हातातून तिनं दोराचं टोक घेतलं. सूर्यभानसमोर उभी राहिली आणि तीस वर्षांत पहिल्यांदा त्याच्या तोंडाकडे बघून बोलली.

"भावजी, दोर तुमी धरा. आन दमलात तर सांगा."

तिनं सगळं ऐकलं होतं हे त्याला तेव्हा कळलं.  त्यानं दोर घेतला, टाच दगडाला रोवली, अंग मागं टाकलं, दात आवळले. आठ मणांसाठी घ्यावा तसा पवित्रा. बन्सीनं खालचा टेकू काढला.

दोर जेमतेम ताणला गेला.

"येवढंच?" सूर्यभान म्हणाला. कोणाला म्हणाला कोणास ठाऊक. "येवढंच वजन हाय?"

हातामागून हात टाकत तो दोर सोडू लागला. गुणगुणाट खाली खाली जाऊ लागला. एक परस, दोन परस. तिसऱ्या परसाला तो टप्पा होता जिथं पुंजाराम उभा होता. इंजिन टप्प्याच्या समोर आलं आणि सूर्यभानचे हात थांबले.

"थांबा जरा," तो म्हणाला. "मी दमलोय."

मणभर वजनाला हा गडी दमतो? बन्सीनं तोंड उघडलं होतं, पण राहीबाईनं त्याचा दंड धरला. केशरबाईनं पदर कमरेला खोचला, त्याच्या मुठीमागं आपल्या दोन मुठी दोरावर ठेवल्या, आणि राहिलेल्या टोकाचा वेढा खुंटाला दिला.

"थांबलोय," ती म्हणाली. "घ्या दम."

त्यानं दम घेतला. चांगला सावकाश घेतला. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला हात मोकळे नव्हते. नंतर त्यानं मान हलवली आणि दोर पुन्हा सुटू लागला. सहा परस, आठ, नऊ. दहाव्याला इंजिनाचा आवाज एकदम जड झाला. पडून राहिलेली रबरी नळी हलली, फुगली, तिच्या तोंडातून आधी वारा आला, नंतर गढूळ चूळ, आणि मग मनगटाएवढी पाण्याची धार पाटात पडली. कोरड्या मातीनं ती आधी नुसती पिऊन टाकली. गोरख पाटाच्या कडेनं पाण्याबरोबर चालत पहिल्या झाडापर्यंत गेला. मावळतीला अजून हातभर दिवस होता.

बन्सीनं दोर खुंटाला पक्का बांधला, गाठीवर गाठ मारली, ओढून बघितलं. बायका पाटाकडे पांगल्या. सूर्यभान मात्र तिथंच टाच रोवून उभा होता, दोर दोन्ही मुठींत घट्ट.

केशरबाई परत आली. तिनं खुंटाची गाठ बघितली, त्याच्या पांढऱ्या पडलेल्या मुठी बघितल्या.

"सोडा आता, भावजी," ती म्हणाली.

मग त्यानं दोर सोडला.